पाइपातला सा

लिफ्ट खाली उतरत अकराव्या मजल्यावर आली तेव्हा यशोधनला कळलं की आपण पंप आहोत. तसं कुणी तोंडावर सांगितलं नाही. सकाळची कामावर निघायची वेळ, पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात चहाचा थर्मास. लिफ्टमध्ये आणखी दोघं होते. एक हेक्टर, बिल्डिंगची देखभाल बघणारा. दुसरी मिसेस कोवाल्स्की, चौदाव्या मजल्यावरच्या यशोधनच्या बरोबर वर, पंधराव्या मजल्यावर एकटी राहणारी म्हातारी. ती हेक्टरला सांगत होती की तिच्या बाथरूमच्या पाइपातून रोज पहाटे एक आवाज येतो. उजाडायच्या आधी सुरू होतो, पाऊण तास चालतो, मग गप्प. खालून येतो. जाड आहे, एकसारखा आहे, जरासुद्धा हलत नाही. हेक्टर म्हणाला, दहाव्या मजल्यावरची बाईही हेच सांगतेय, म्हणजे गरम पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. “इट्स व्हेरी स्टेडी,” मिसेस कोवाल्स्की पुन्हा म्हणाली, हेक्टरने ते नीट ऐकलं नाही असं वाटून. यशोधन लिफ्टच्या दाराकडे बघत राहिला. पहाटेचा तो पाऊण तास त्याच्या रियाजाचा होता. तेव्हा तो बाथरूममध्ये बसून खर्ज भरायचा, म्हणजे आपल्या आवाजातल्या अगदी खालच्या स्वरावर, खालच्या ‘सा’वर, श्वास पुरेल तोवर थांबायचा. आपल्याला भीती वाटायला हवी होती, लाज तरी वाटायला हवी होती, हे त्याला रस्त्यावर आल्यावर सुचलं. लिफ्टमध्ये त्याला वाटला तो अभिमान. स्टेडी! दोन वर्षांत त्याच्या स्वराला मिळालेली ही पहिली दाद होती. दाद देणारीला तो पंप वाटला होता एवढी किरकोळ गोष्ट सोडली तर दाद अगदी मनापासूनची होती.

स्टेशनकडे जाताना हडसन नदीवरून येणारा फेब्रुवारीचा वारा कानात घुसत होता आणि तरी यशोधन टोपी घालायची विसरला होता. स्टेडी. हा शब्द त्याच्याबद्दल आजवर कुणी वापरला नव्हता, आणि वापरला असता तर हिमानीने, म्हणजे त्याच्या बायकोने, लगेच आक्षेप घेतला असता. यशोधन तीन महिन्यांचा माणूस होता. बेडरूममधल्या क्लोजेटमध्ये एक कप्पा होता, त्याला हिमानी ‘म्युझियम’ म्हणायची. तिथे गिटार होती, पळायचे महागडे बूट होते, ब्रेड भाजायचं बिडाचं भांडं होतं, जपानी शिकायची कार्डं होती, आणि कॅमेऱ्याची एक लेन्स होती जिचा कॅमेरा त्याने कधी घेतलाच नाही. प्रत्येक वस्तूमागे एकेक पेटून उठलेला यशोधन होता. पहिला महिना तो त्याच विषयावर बोलायचा, दुसऱ्या महिन्यात त्याबद्दल व्हिडिओ बघायचा, आणि तिसऱ्या महिन्यात काहीतरी अडचण यायची. अडचण नेहमी खरी असायची. गुडघा दुखायचा, नाहीतर प्रोजेक्टची डेडलाइन असायची, नाहीतर थंडी पडायची. लहानपणी नागपुरातही असंच, तबल्याच्या क्लासला जायला लागला आणि मास्तरांची बदली झाली. बाबा म्हणाले होते, दुसरे मास्तर बघू. तेव्हा झालेली सुटका त्याला अजून आठवत होती, सायकल घेऊन तो थेट मैदानावर गेला होता. गाणं मात्र दोन वर्षं टिकलं होतं. का टिकलं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि फार विचार केला तर तेही जाईल अशी त्याला धास्ती होती.

गाणं सुरू झालं ते अपमानातून. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या हॉलमध्ये, त्याने झब्बा घालून एक भावगीत म्हटलं होतं. टाळ्या पडल्या. मराठी मंडळात टाळ्या सगळ्यांनाच पडतात, मागे जेवण असतं. घरी येताना गाडीत त्याने लेकीला विचारलं, कसं झालं गं? आन्या तेव्हा नऊ वर्षांची होती आणि खोटं बोलायचं अजून शिकलेली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत प्रामाणिकपणे विचार करून म्हणाली, “बाबा, यू वर लाइक… नियर द साँग.” हिमानीने रेडिओ लावला. त्या आठवड्यात त्याने कुणाकडून तरी शरयूताईंचा नंबर मिळवला. ताई सांगलीच्या, सत्तरीच्या पुढच्या, व्हिडिओवर शिकवायच्या आणि कॅमेरा असा ठेवायच्या की अर्ध्या पडद्यावर त्यांचं कपाळ आणि अर्ध्यावर पंखा दिसायचा. पहिल्याच दिवशी यशोधनने त्यांना अख्खं भावगीत म्हणून दाखवलं. ताईंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं हे त्याला पुढे कळलं. मग म्हणाल्या, “बरं. आता सा लावा.” त्याने लावला. “शेवटी उतरतोय,” ताई म्हणाल्या. “हो ताई,” यशोधन म्हणाला. हा संवाद गेली दोन वर्षं दर आठवड्याला न चुकता होत होता. तो सा लावायचा, ताई म्हणायच्या शेवटी उतरतोय, तो म्हणायचा हो ताई. आणि खरी गोष्ट अशी होती की तो कुठे उतरतो हे यशोधनला एकदाही ऐकू आलं नव्हतं. त्याच्या कानांना तो सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळसोट वाटायचा. पण गुरूला ‘मला ऐकू येत नाही’ असं कसं सांगणार? तो डॉक्टरसमोर मान हलवावी तशी मान हलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बसायचा.

बसायचा कुठे, हे ताईंना सांगितलं नव्हतं. जर्सी सिटीतल्या दोन खोल्यांच्या भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये पहाटे झोपलेल्या बायकोपासून आणि मुलीपासून लांब अशी एकच जागा होती, ती म्हणजे बाथरूम. टबाजवळच्या पायपुसण्यावर चटई, चटईवर यशोधन, बेसिनच्या कडेला फोनवर तानपुऱ्याचं ॲप, समोर शॉवरचा पडदा, त्यावर पिवळी बदकं. स्वर बाथरूममध्ये लावणं बरोबर नाही, हे त्याला आतून टोचायचं. म्हणून तो कमोडचं झाकण बंद करून त्यावर धुतलेला टॉवेल पसरायचा आणि मग नमस्कार करायचा. बाथरूमची हवा खेचून घेणारी जाळी सगळ्या मजल्यांना एकाच नळीने जोडलेली आहे हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. इंजिनिअर असून. ट्रेन नदीखाली शिरली तेव्हा त्याला एकदम उकडायला लागलं. पंपाचं बेअरिंग गेलंय म्हणजे हेक्टर पंप उघडणार. फेब्रुवारीत.

ऑफिसात सत्यजितने त्याला छोट्या मीटिंग रूममध्ये बोलावलं. सत्यजित पुण्याचा, यशोधननेच त्याला सहा वर्षांपूर्वी काम शिकवलं होतं, आणि आता तो यशोधनचा मॅनेजर होता. यात कुणाची चूक नव्हती. सत्यजित दर सहा महिन्यांनी काहीतरी नवं सुरू करायचा आणि ते बिघडायच्या आत वर सरकायचा. “यशोधन, यार, रिव्ह्यू लिहायला घेतलाय,” तो म्हणाला. “तुझी ग्रोथ स्टोरी दिसत नाहीये. लास्ट इयर पण सेम काम, धिस इयर पण सेम.”

“सेम काम जास्त चांगलं होतंय. आता ते बंद पडत नाही.”

“तेच ना. बंद पडत नाही म्हणून कुणाला दिसत नाही. काहीतरी नवीन पिक अप कर.”

यशोधनला हसू आलं. नवीन पिक अप करण्यात त्याचा हात धरणारं या इमारतीत कुणी नव्हतं. क्लोजेटमधला अख्खा कप्पा साक्षीला होता. एरवी त्याला सत्यजितचं बोलणं दिवसभर लागलं असतं. आज तो काचेबाहेर समोरच्या बिल्डिंगकडे बघत होता आणि तिथे बाथरूमच्या किती नळ्या उभ्या जात असतील याचा अंदाज करत होता. “बघतो,” तो म्हणाला. सत्यजितने लॅपटॉपवर काहीतरी टाइप केलं.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत मॅनेजमेंटची ईमेल आली होती. गुरुवारी पहाटे आवाज तपासणारा तज्ज्ञ येणार, एकावर एक असलेल्या त्या ओळीतल्या घरांनी दार उघडावं. त्यानंतर पंप काढणार, काम होईपर्यंत गरम पाणी मिळणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. हिमानीने ती वाचली, त्याच्याकडे बघितलं, पुन्हा वाचली, आणि किचनच्या ओट्याला धरून खाली बसली.

“हसू नकोस,” यशोधन म्हणाला.

“दोन वर्षं मला वाटत होतं हे फक्त माझ्याच नशिबात आहे. अख्खी लाइन भोगतेय रे!”

“ते स्टेडी म्हणालेत.”

“पंपाला म्हणालेत.”

“पंप मीच आहे ना पण.”

आन्या टेबलावर होमवर्क करत होती. तिने मान वर न करता म्हटलं, “ओ माय गॉड. बाबा इज द बिल्डिंग.”

हसणं ओसरल्यावर हिमानी उठली आणि डोळे पुसत म्हणाली, “हेक्टरला सांगून टाक. बिचाऱ्या त्या म्हातारीला या थंडीत गार पाणी का म्हणून?” तिचं बरोबर होतं. त्याने सांगायला हवं होतं, लिफ्टमध्येच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की बिल्डिंगचा नियम पुढे येणार होता. सकाळी आठच्या आधी कसलाही आवाज करायचा नाही. आठ वाजता तो ट्रेनमध्ये असायचा. “मग संध्याकाळी कर,” हिमानी म्हणाली, आणि म्हणता म्हणता थांबली. गिटार संध्याकाळचीच होती. पळणं आधी सकाळचं होतं, मग संध्याकाळचं झालं, मग म्युझियममध्ये गेलं. यशोधनला स्वतःबद्दल जी थोडी पक्की माहिती होती त्यात ही एक होती, की एकदा वेळ हलली की तो सुटतो. पुन्हा बसत नाही. हिमानीलाही ती माहिती होती. आणि ते त्याला फार लागलं. या वयात, या देशात, चाळिशी कधीच उलटून गेलेली असताना, त्याच्याकडे न सुटलेली अशी एकच गोष्ट होती, आणि तीही अजून नीट जमत नव्हती.

बुधवारी क्लास होता. पडद्यावर कपाळ आणि पंखा आले. यशोधनने ठरवलं होतं की ताईंना सांगायचं. थोडा सल्ला हवा होता आणि, खरं सांगायचं तर, थोडं कौतुकही हवं होतं. “ताई, आमच्या इमारतीतल्या लोकांना माझा सा ऐकून पंप चालू आहे असं वाटलं.”

ताईंनी चष्मा काढला. “कसला पंप?”

“पाण्याचा.”

“विहिरीवर असतो तसा?”

“जवळपास तसाच. एकसारखा आवाज आहे म्हणाले. जराही हलत नाही म्हणाले.”

तो थांबला. सांगलीत पंखा फिरत होता. “त्यांना काय कळतंय त्यातलं?” ताई म्हणाल्या. “लावा.” त्याने लावला. “शेवटी उतरतोय.”

“हो ताई.”

“आणि लोकांना ऐकू जाण्याइतकं उघड्यावर बसू नये रियाजाला. खोलीत बसता ना?”

“खोलीतच,” यशोधन म्हणाला, आणि त्याच्या मागे हिमानी खोकली.

गुरुवारी पहाटे दारावरची बेल वाजली तेव्हा यशोधन आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून, गुन्हेगारासारखा सोफ्यावर बसला होता. हेक्टर होता, त्याच्याबरोबर काळी पेटी घेतलेला, एक शब्दही जास्त न बोलणारा उंच तज्ज्ञ होता, आणि गुलाबी गाऊनवर कोट चढवलेली मिसेस कोवाल्स्की होती. तक्रार तिची, त्यामुळे निदान तिच्यासमोर व्हायला हवं होतं. सगळे बाथरूममध्ये शिरले. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली होती, बदकं भिंतीकडे ढकललेली होती. तज्ज्ञाने पाइपावर एक चकती चिकटवली, कानाला हेडफोन लावले आणि बोट वर केलं. सगळे गप्प. पाइपही गप्प. यशोधनच्या घशात तो सा तयार होऊन बसला होता, वेळ त्याचीच होती, दोन वर्षांची सवय, आत काहीतरी आपोआप हलत होतं आणि तो ओठ घट्ट मिटून उभा होता. बराच वेळ गेला. तज्ज्ञाने नाही अशी मान हलवली. हेक्टरने मिसेस कोवाल्स्कीकडे बघितलं. ते बघणं वाईट नव्हतं, म्हाताऱ्या माणसांकडे बघतात तसं होतं, आणि तेच वाईट होतं. ती लाल झाली. “मला भास होत नाहीत,” ती म्हणाली. तिने कोटाच्या खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि फोन सगळ्यांच्या मधे धरला. “हे ऐका.”

आधी नुसती खरखर झाली. मग काँक्रीटमधून, नळीतून, एक मजला चढून आलेला तो आवाज सुरू झाला. यशोधनने तो आजवर नुसता कधी ऐकला नव्हता. बसलेला तो, डोळे मिटलेला तो, पायाला मुंग्या आलेला तो, ॲपचा तानपुरा, ‘आज बरा लागतोय’ हा विचार, यातलं काहीच त्या फोनमध्ये नव्हतं. फक्त एक सा होता, कुणा परक्या माणसाचा. चांगला सुरू झाला. जाड, गोल, खाली नीट बसलेला. राहिला. राहिला. यशोधन नकळत पुढे झुकला. आणि मग श्वास संपत आला तशी त्या आवाजाची कड खचली. अगदी जराशी. भरल्या गाडीत कुणी बसल्यावर ती दबते तेवढीच. श्वास झाला, पुन्हा सा, पुन्हा तेच. शेवटी खाली. पुढचा, शेवटी खाली. सगळेच्या सगळे! दोन वर्षं ताई जे सांगत होत्या ते असं लख्ख, उघडं, समोर पडलेलं होतं, आणि त्याला ते ऐकू येत होतं.  तज्ज्ञ आपल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत म्हणाला, “फारच स्थिर आहे. हे मशीनच आहे.”

“नाही!” यशोधन मराठीत ओरडला. “शेवटी उतरतोय!”

चौघं त्याच्याकडे बघायला लागली. दारात हिमानी आली होती, ती धरून. त्याने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, ते स्थिर नाही, शेवटी खाली जातं, ऐका ना, इथे, आता, गेलं, कळलं का? कुणालाही कळलं नाही. तज्ज्ञाने खांदे उडवले. आणि हा माणूस चुकीच्या स्वराला ‘स्थिर’ असं लिहून आता निघून जाणार हे यशोधनला अजिबात सहन होईना. पंप, नियम, आठ वाजता, सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. त्याने बेसिनची कड धरली, पोट भरून श्वास घेतला आणि सा लावला. कसा हवा ते दाखवायला. शेवटाकडे आला तेव्हा त्याने तो खचायची जागा येताना ऐकली, आधी ऐकली, आणि पोटातून अलगद उचलून धरली. स्वर गेला तो सरळ गेला आणि सरळच संपला. “असा पाहिजे,” तो म्हणाला.

तज्ज्ञाने हेडफोन काढले. हेक्टरने हळूच विचारलं, “तू? रोज?” यशोधनने मान हलवली. तज्ज्ञाने चकती काढून पेटीत ठेवली आणि पेटीची कुलपं एक एक करून लावली, त्यात त्याने बराच वेळ घेतला. मिसेस कोवाल्स्की मात्र यशोधनकडे टक लावून बघत होती. “हे गाणं आहे?” तिने विचारलं.

“गाण्याच्या आधीचं.”

“मग गाणं कधी सुरू होतं?”

“माहीत नाही,” यशोधन म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि ते सांगताना त्याला काही वाटलं नाही.

गरम पाणी बंद झालं नाही. निघताना हेक्टरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी वाईट वाटून सांगितलं की आठच्या आधी मात्र नाही चालणार, नियम आहे, दहाव्या मजल्यावरची बाई ऐकायची नाही. यशोधन त्या रात्री लवकर झोपला. शुक्रवारी तो नेहमीच्या वेळेला जागा झाला, सवयीने बाथरूममध्ये गेला, चटई घातली आणि नुसता बसला. समोर बदकं होती. बाहेर अजून अंधार होता. आणि त्याच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. पाय मोकळे, घसा मोकळा, परत जाऊन झोपता येईल, उद्याही झोपता येईल. नियमच आहे, आपण तरी काय करणार? ही सुटका त्याच्या चांगल्या ओळखीची होती. अडचण खरी होती, नेहमीसारखीच. काल सरळ गेलेला तो सा आठवून त्याला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडूही येत नव्हतं, फक्त ऊबदार झोप येत होती, आणि त्याची त्याला फार भीती वाटली. तरी तो चटई गुंडाळायला उठलाच.

बेल वाजली. दारात मिसेस कोवाल्स्की होती, गुलाबी गाऊन, पायात लोकरी मोजे.

“आज बंद आहे का?” तिने विचारलं.

“आठच्या आधी नियम आहे…”

“तक्रार मी केली होती. मला वाटायचं काहीतरी फुटणार. सबंध हिवाळा मी रोज पडल्या पडल्या वाट बघितली, आता फुटेल, मग फुटेल. आज पहिल्यांदा निवांत ऐकायचं ठरवलं, तर आज बंद.” तिचा आवाज चढला होता. आतून हिमानीने झोपेत विचारलं, “कोण आहे रे?” म्हातारीने तिकडे लक्ष दिलं नाही. “दहाव्या मजल्यावरच्या बाईशी मी बोलते. तिचा कुत्रा काय काय करतो ते मला माहीत आहे. पण तू काल एक भलतंच केलंस. ते शेवटी खाली जातं म्हणालास ना? मी घरी जाऊन रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. खरंच जातं. आधी मला कळत नव्हतं, आता दुसरं काही ऐकूच येत नाही.” तिने हात झटकले. “तो शेवट नीट कर. असा अर्धवट ठेवू नकोस.”

“वेळ लागेल,” यशोधन म्हणाला.

“मी कुठे जातेय?” मिसेस कोवाल्स्की म्हणाली आणि लिफ्टकडे वळली.

त्याने दार लावलं. चटई परत पसरली, तानपुरा लावला, झाकणावर टॉवेल घातला, नमस्कार केला. वर ती पोचली असेल एवढा वेळ थांबला. मग त्याने सा लावला, धरला, आणि शेवटाकडे येता येता तो खाली जाताना त्याला स्पष्ट ऐकू आला. काल जमलं होतं ते आज जमलं नव्हतं. वरून काहीच आवाज आला नाही. त्याने पुन्हा श्वास घेतला.